किंजळाचा बुंधा, बोथट चेन आणि मिरगाआधीचे बारा दिवस

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि खालच्या अंगाला दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपलं. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एका दुपारीत पोफळी माना मोडून पडल्या, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. वाडीच्या समुद्राकडच्या कुंपणातली तीन सुरूची झाडं पडली. घरामागे वरची वाडी आणि खालचं भातखाचर यांच्यामध्ये जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आहे, त्यावर जुनं किंजळ मुळासकट कलंडलं. त्याच्या शेजारचा ऐन पडला नाही, पण खाचराकडे झुकला.

या पाच झाडांचं सरपण व्हायला दोन वर्षं लागली, आणि शेवटच्या बारा दिवसांत एक माणूस जाता जाता वाचला. काय चुकलं ते क्रमाने लिहून ठेवतो आहे. आता गावागावात पेट्रोलवर चालणारे कटर आले आहेत. दर मे महिन्यात चाकरमानी येतात आणि दोन दिवसांत पावसाची बेगमी उरकून जायचं म्हणून ते हातात घेतात. मीही त्यांतलाच एक.

सुरू आणि किंजळ

तीन सुरू विहिरीच्या वाटेवर पडले होते, त्यामुळे ते थांबण्यासारखे नव्हते. पंधरा दिवसांच्या आत वाडीतले तात्या आपला कटर घेऊन आले. तात्या आमचे नात्याने कोणी नव्हेत, पण सगळी वाडी त्यांना तात्याच म्हणते. सुरूचं लाकूड वाळलं की घनमीटरला ८०० ते १००० किलो भरतं, म्हणजे जवळजवळ पाण्याच्या वजनाचं. तरीही ओलं असताना ते कुऱ्हाडीखाली सरळ फाटलं. शिवाय सुरू थोडा ओला असला तरी पेटतो. २०२१ चा पावसाळा न्हाणीच्या चुलीला तोच पुरला.

तात्यांनी तेव्हा एक गोष्ट केली, तिचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. प्रत्येक काप घेण्याआधी त्यांनी कोयत्याने बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल सोलून काढली. समुद्राकाठच्या सुरूच्या सालीत वर्षानुवर्षं वाऱ्याने उडालेली रेती बसलेली असते. चेनचा दात एकदा रेतीतून गेला की त्याची धार गेलीच.

किंजळ मात्र तसंच पडून राहिलं. कुणाची वाट अडत नव्हती. घरावर ताडपत्री होती, पोफळी उभ्या करायच्या होत्या, गावात वीज नव्हती, त्यात टाळेबंदी. हे सगळं खरं. पण त्या दिवाळीत सवड होती आणि तेव्हाही आम्ही हात लावला नाही, याला सबब नाही. बायकामाणसांनी वरच्या डहाळ्या आणि मनगटाएवढ्या फांद्या तेवढ्या नेल्या. उरला तो सहा फूट घेराचा बुंधा, म्हणजे व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास. दोन पावसाळे त्याने अंगावर घेतले. या काळात बाहेरचं पांढरं लाकूड बोटभर खोलीपर्यंत किड्यांनी पोखरलं आणि त्याची भुकटी झाली. आतला तांबूस गाभा वाळून दगडासारखा झाला. म्हणजे सहज कापलं आणि फोडलं गेलं असतं ते लाकूड वाया गेलं आणि अवघड तेवढं आमच्यासाठी शिल्लक राहिलं.

मधल्या काळात १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं आणि ऐन आणखी झुकला. त्याच्या फांद्या मांगराच्या, म्हणजे सामान ठेवायच्या कौलारू खोपीच्या, कौलांना टेकू लागल्या, तेव्हा तो काढणं भाग पडलं. ऐन आणि किंजळ ही दोन्ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, खैर, सागही त्याच यादीत येतात. झाड आपल्या सातबाऱ्यातलं असलं तरी वन विभागाची परवानगी लागते. काकांनी हिवाळ्यात अर्ज केला, पडलेलं किंजळही त्यातच दाखवलं, आणि एप्रिलमध्ये कागद हातात आला. सुरू त्या यादीत नाही.

पहिला दिवस

२३ मे २०२२. काकांनी नवा कटर घेतला होता, १८ इंची पट्टीचा. पट्टी म्हणजे जिच्याभोवती दातांची चेन फिरते ते लांब पातं. सकाळी आठला मी, काका आणि माझा चौदा वर्षांचा भाचा असे तिघे मागच्या दारी गेलो.

किंजळाची ठेवण अशी होती. मुळांचा गड्डा एका टोकाला उभा, अर्धा मातीत. तिथून आठ फुटांवर बुंधा गडग्यावर टेकलेला. गडग्याच्या पुढे सात-आठ फुटांचा भाग खाचरावर अधांतरी, कारण त्याला खाली टेकू देणाऱ्या फांद्या कधीच चुलीत गेल्या होत्या. अशा बुंध्याची लांबी फूटभर जरी धरली तरी वजन साठ-पासष्ट किलो होतं.

काकांनी गड्डा आणि गडगा यांच्या मधोमध वरून काप घ्यायला सुरुवात केली. कारण साधं होतं: तिथे उभं राहायला सपाट जागा होती. पट्टी बुंध्यात निम्मी उतरली आणि वरचा काप मिटला. पट्टी आत अडकली, इंजिन बंद पडलं. ओढून ती निघेना, आणि ओढू नयेच. दोन्ही टोकांना टेकलेला बुंधा मध्ये पोटाशी वाकतो. त्याच्या वरच्या बाजूला दाब असतो आणि खालच्या बाजूला ताण. दाबाच्या बाजूने खोल गेलं की लाकूड पट्टीला चावणारच. अशा जागी आधी वरून जेमतेम एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून वर यायचं. अधांतरी टोकाचं गणित उलटं. तिथे ताण वर असतो, म्हणून आधी खालून थोडं, मग वरून. आम्ही बुंध्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

सुटका करायला दोन तास गेले. पट्टीचे दोन नट ढिले करून इंजिन वेगळं काढलं, पट्टी आणि चेन लाकडातच ठेवली. मग बुंध्याखाली चिरे रचून त्यांवर गाडीचा जॅक लावला आणि हळूहळू उचललं. काप बोटभर उघडला तेव्हा पट्टी हाताने निघाली. थोडी वाकली होती.

त्यानंतर आम्ही अधांतरी टोकाकडून कापायला घेतलं. ते बरोबर होतं, पण तिथे दुसरं दुखणं सुरू झालं. कटर नुसता ओरडत होता, खाली जात नव्हता. काका अंगाचं वजन टाकून दाबत होते. लाकडातून धूर यायला लागला, काप उजवीकडे वळत गेला आणि पट्टीचं टोक निळसर पडलं. दुपारपर्यंत दोन तुकडे. काका म्हणाले, "मशीन कमी ताकदीचं दिलंय. बदलून आणू." मलाही तेच वाटलं.

धार कुठे गेली

संध्याकाळी तात्या आले. त्यांनी मशीनला हात लावला नाही, आधी दोन्ही टाक्यांची झाकणं उघडली. पेट्रोल संपत आलेलं, तेलाची टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. ते म्हणाले, "चेनला तेल पोचतच नाहीय." हे निदान करायला दहा सेकंदही लागले नाहीत. या मशीनची जडणच अशी असते की पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत चेनच्या तेलाचीही जवळजवळ संपावी. तेल उरलं तर ते वाटेत कुठेतरी अडलंय. आमच्या पट्टीचं तेलाचं भोक लाकडाच्या भुकटीने आणि गाडीच्या जळक्या तेलातल्या काळ्या गाळाने बुजलं होतं. पैसे वाचवायला काकांनी गॅरेजमधलं वापरलेलं तेल आणलं होतं. त्यात लोखंडाचा कीस असतो, शिवाय ते चेनला धरून राहत नाही. वाफ आणि धूर दोन्ही तिथूनच येत होते.

मग त्यांनी चेन हातात घेऊन एकेक दात अंगठ्याच्या नखावर घासून पाहिला. डावीकडचे दात बोथट होते, उजवीकडचे त्या मानाने बरे. खाली येताना पट्टी गडग्याच्या चिऱ्याला लागली होती. एकदाच, ओझरती, आणि आम्हाला ते कळलंसुद्धा नव्हतं. एका बाजूचे दात बसले की चेन धारेच्या बाजूला ओढते, म्हणून काप उजवीकडे वळत होता. वळलेल्या कापात पट्टी घासते, घासली की तापते, आणि तापली की आपण आणखी दाबतो.

काकांनी दुपारी धार लावली होती, तरी फरक पडला नव्हता. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच. काकांची गोल कानस ४ मिलिमीटरची, जुन्या लहान मशीनची. आमची चेन ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप), तिला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. बारीक कानस दातात खोल उतरते आणि पुढची धार आकड्यासारखी पातळ होते. आंब्याच्या किंवा सावरीच्या लाकडात ती सपासप चालेल. वाळलेल्या किंजळात अशी पातळ धार पहिल्या मिनिटात मोडते. घट्ट लाकडाला धार थोडी जाड हवी. नेहमी ३० अंशांचा कोन धरतात, कडक लाकडाला २५ पर्यंत आणला तरी चालतो. कापायला किंचित सावकाश, पण टिकते.

प्रत्येक दाताच्या पुढे एक कुबड असतं. दात एका वेळी किती लाकूड उचलेल ते त्यावर ठरतं. दाताच्या टोकापेक्षा ते साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवं. दात घासून घासून लहान होतो आणि कुबड तसंच राहतं, मग धार असूनही दात लाकडावरून नुसता घसरतो. यावर चिडून काही जण कुबड भरपूर घासून टाकतात. घट्ट लाकडात ते जिवावर बेतू शकतं, कारण दात झेपणार नाही एवढा घास घेतो आणि मशीन हिसका देतं. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला तर ती थेट माणसाच्या तोंडाकडे उसळते.

आम्ही फसलो त्याचं आणखी एक कारण होतं. भुसा बघून धार ओळखायची, हे सगळ्यांना माहीत असतं: ढलप्या पडल्या तर धार आहे, पीठ पडलं तर गेली. पण वाळलेल्या घट्ट लाकडाचा भुसा चांगल्या धारेनेही बारीकच पडतो. म्हणून आम्ही पीठ बघूनही "लाकूडच कडक आहे" म्हणत राहिलो. तात्यांची खूण वेगळी. ते म्हणाले, "भुसा बघू नका, हात बघा. दाबायला लागलं की थांबायचं. धार असेल तर मशीन आपल्या वजनाने खाली जातं."

दुसऱ्या दिवशी दापोलीहून बरोबर मापाची कानस आणि चेनचं चिकट तेल आणलं. येताना गोल कोपऱ्याच्या दातांची चेनही घेतली. मशीनबरोबर आलेल्या चेनचे दात चौकोनी टोकाचे होते. स्वच्छ ओल्या लाकडात ते वेगाने कापतात, पण माती, रेती आणि कडक गाभा त्यांना सोसत नाही. पट्टी सपाट करून तिचं भोक तारेने साफ केलं. गेल्या वर्षीचं उरलेलं पेट्रोल फेकलं, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आपल्या दमट हवेत पाणी धरतं. नवं मिश्रण लिटरला २० मिलिलिटर तेल घालून केलं. प्रत्येक कापाच्या जागी कोयत्याने साल आणि किडकं पांढरं लाकूड खरवडून काढलं. त्यातून लाल मातीची ढेकळं पडली. आणि दर टाकीला, धार गेली असो वा नसो, दाताला कानशीचे दोन हात द्यायचे ठरवलं.

आदल्या दिवशी तासाला एक तुकडा पडत नव्हता. आता दोन्ही बाजूंनी मिळून पाच मिनिटांत पडू लागला. मशीन तेच होतं.

गड्डा

चौथ्या दिवशी गडग्यापलीकडचा सगळा भाग संपला आणि आम्ही मुळाशी आलो. दोन पावसाळ्यांत गड्ड्याची बरीच माती धुपली होती, मुळं वाळलेली दिसत होती. तो आता जागचा हलायचा नाही असं आम्ही गृहीत धरलं. त्या सकाळी चिऱ्यांचे तुकडे गोळा करायला मी स्वतः भाच्याला गड्ड्यामागच्या खळग्यात उतरवलं होतं. मी उतरवलं. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

तात्या आले तेव्हा तो खळग्यातच होता. त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला, "पोराला वर घ्या! आधी वर घ्या!" तो वर आला, त्याला ओटीवर बसवलं, मगच त्यांनी मशीन चालू केलं. शेवटचा काप अर्ध्याच्या थोडा पुढे गेला असेल, बुंधा कडकन सुटला आणि गड्डा उरलेल्या हातभर खोडासह उठून मागे खळग्यात धप्पकन बसला. जणू झाड पुन्हा उभं राहिलं. जमीन पायाखाली हलली. ज्या जागी भाचा बसून चिरे वेचत होता, तिथे मुळं आणि माती होती.

मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा हेच गड्ड्याला आडवं धरून ठेवणारं वजन असतं. ते कापलं की गड्डा आपल्या जागी परत जाऊ शकतो, ताबडतोब किंवा तासाभराने, दोन वर्षांनंतरसुद्धा. त्या दिवसापासून आमच्याकडे मशीन चालू असताना वाडीत कुणी मूल फिरकत नाही.

उभा ऐन

ऐन आम्ही पाडला नाही. तात्यांनी पाडला आणि आम्ही लांबून बघितलं, ते बरं झालं. जोराने झुकलेलं घट्ट लाकडाचं झाड नेहमीसारखं मागून कापत आणलं तर ते पूर्ण कापायच्या आधीच ओढलं जातं. बुंधा उभा फाटत वर जातो आणि फाटलेलं फळकूट कापणाऱ्याच्या छातीवर येतं.

त्यांनी पडायच्या बाजूला व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढी खाच घेतली. मग मागून कापायला न लागता खाचेच्या मागे लाकडाची पट्टी बिजागरीसारखी शिल्लक ठेवली. चाळीस सेंटिमीटरच्या बुंध्याला ती चार सेंटिमीटर. तिच्या मागून त्यांनी कटरचं पातं बुंध्यात आरपार घुसवलं. घुसवताना टोकाचा खालचा भाग आधी लावला, वरचा कधीच नाही. मग मागे सरकत आले, पण मागची साल आणि तीन बोटं लाकूड तसंच ठेवलं. झाड त्या मागच्या पट्ट्यावर थांबून राहिलं. त्यांनी वर पाहिलं, मागची मोकळी ठेवलेली वाट पाहिली, आम्हाला हाक दिली, आणि मग तो पट्टा तोडला. ऐन सरळ खाचरात गेला. मांगराचं एक कौल हललं नाही.

फोडणं

ऐन ओला होता, त्याच आठवड्यात कुऱ्हाडीने आणि पाचरीने फोडून झाला. किंजळाच्या तुकड्यांपुढे मात्र कुऱ्हाड उसळायची. त्याच्या नसा एकमेकींत गुंतलेल्या, त्यात कवळं, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडून तोडून बुंध्यावर जागोजागी गाठी झालेल्या. दीड फुटाचा एक तुकडा नव्वद किलोच्या घरात, त्यामुळे उचलून आपटायची सोय नाही. शेवटी तुकडा आडवा ठेवून कटरने नसांच्या दिशेने चिरला. असं चिरताना भुशाऐवजी शेवयांसारख्या लांब पट्ट्या निघतात आणि झाकणाखाली गच्च बसतात, म्हणून सारखं थांबून काढाव्या लागतात. उभ्या तुकड्याच्या तोंडावर मशीन लावलं तर मात्र नुसतं पीठ पडतं आणि धार जाते. प्रत्येक तुकड्याचे चार भाग कटरने केले, पुढचं कुऱ्हाडीने झालं. या चिरण्यातच आमचे पाच दिवस आणि निम्म्याहून जास्त पेट्रोल गेलं. २०२० च्या पावसातच बुंधा कापून फोडला असता तर एवढं लागलं नसतं, असं तात्यांचं मत आणि आता माझंही.

कानाला बोळे आणि डोळ्याला चष्मा चौथ्या दिवसानंतर सक्तीचा केला. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. पहिल्या तीन दिवसांत माझ्या कानात रात्री शिट्टी वाजत होती.

३ जूनला शेवटची लाकडं रचली. वादळाला बरोबर दोन वर्षं झाली होती. मांगराच्या समुद्राकडच्या बाजूला चिऱ्यांवर फाटी लावली, जमिनीपासून वीतभर वर. वरून फक्त पत्रा, बाजू उघड्या. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून लोक लाकडं ताडपत्रीत गुंडाळतात आणि आत बुरशी धरते. वारा खेळला पाहिजे. वजनावर बघितलं तर सारखीच वाळलेली सगळी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. पण किंजळाची फाट आंब्याच्या तेवढ्याच फाटीपेक्षा जड असते आणि तिचा निखारा तासभर राहतो. पहाटे न्हाणीच्या चुलीत दोन लाकडं घातली की घरातल्या सहाजणांचं पाणी तापतं.

किंजळ त्याच पावसात वापरायला घेतलं. ऐन पुढच्या मे महिन्यापर्यंत ठेवला, कारण घट्ट लाकूड फोडूनही वर्षभर वाळावं लागतं. सुरूचं बुंधं सहसा पुन्हा फुटत नाही, त्या जागी आम्ही उंडी लावली. ऐनाचं बुंधं मात्र तात्यांनी जमिनीलगत आणि उतरतं कापलं होतं, पाणी साचू नये म्हणून. पहिल्याच पावसात त्याला अकरा फुटवे आले. दिवाळीत काकांनी त्यांतले जोरदार तीन ठेवले आणि बाकीचे कोयत्याने छाटले. दोन वर्षांत त्यांतला एक माझ्या डोक्याच्या वर गेला आहे.